परभणीतलं मनाच्या डॉक्टरचं क्लिनिक: पाचपैकी दोन तारे, त्यातला एक कंपाउंडर काकांना

आधी दोन तारे कशाचे ते सांगते. एक तारा क्लिनिक स्वच्छ आहे, प्यायचं पाणी थंड आहे आणि बायकांसाठी वेगळं बाथरूम आहे म्हणून. हसू नका. वेगळं, चालू आणि कडी असलेलं बाथरूम म्हणजे काय चीज असते ते एसटीच्या कंडक्टर बाईला विचारा. दुसरा तारा तिथल्या म्हाताऱ्या कंपाउंडर काकांना. डॉक्टरच्या वाट्याला काही आलं नाही, पण त्यांचं सगळंच चुकलं असंही नाही. ते पुढं येईलच.

क्लिनिकचं नाव लिहीत नाही, गल्लीही लिहीत नाही. मी परभणी-जिंतूर लाइनवर कंडक्टर आहे. झरी, बोरी, जिंतूर, सगळीकडची माणसं मला तोंडानं ओळखतात. नाव लिहिलं तर दुसऱ्याच दिवशी भर गाडीत कोणीतरी विचारणार, "मॅडम, ते तुम्हीच का?" आणि "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणाऱ्या आमच्या गावात मनाच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे अजून डोक्यावर पदर घेऊन जिना चढायचं काम. मी तीन वर्षं तसंच चढले. शेजारी दातांचा दवाखाना आहे, फार सोय होते. कोणी दिसलं तर गालाला हात लावायचा.

माझं दुखणं सुरू झालं संपानंतर. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. पाच महिन्यांच्या वर पगार नाही. मालक जिनिंगवर कामाला, कापसाचा हंगाम होता म्हणून घर तरलं. संप मिटला, ड्युटी लागली, थकलेले हप्ते हळूहळू फिटायला लागले, सगळं सुरळीत झालं आणि मग मला झालं. पावसाळ्यातली गोष्ट. झरी सोडून गाडी बोरीकडं निघालेली, सत्तर माणसं उभी, खिडक्या बंद, आणि माझ्या छातीत एकदम कोणीतरी बुक्क्या मारायला लागलं. हात गार, ओठ बधिर. वाटलं, गेले. सिव्हिलला ईसीजी काढला, तो चांगला. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं हळूच सांगितलं, "ताई, हार्ट ठीक आहे. मनाच्या डॉक्टरांना दाखवा." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या पोरानं नीट नस पकडली.

तर या क्लिनिकचे जुने डॉक्टर. फी तीनशे, नंबर चिठ्ठीवर, पंखा एकच. त्यांनी दोन गोळ्या लिहिल्या. एस्सिटालोप्राम, ही मूळ दुखण्यावरची. ती अंगाला लागायला दोन-चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आणि तोवर तग धरायला क्लोनाझेपाम, जी त्याच दिवशी काम करते. सहा आठवड्यांत मी परत तिकिटं फाडायला लागले. म्हणजे मशीनवर काढायला, पण तोंडात 'फाडणं'च बसलंय. २०२३ च्या १७ मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, गाडीत पाय ठेवायला जागा राहिली नाही, तरी मी टिकले. २०२५ च्या जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, प्रत्येक सीटवर सुट्ट्या पैशांवरून भांडण झालं, तेव्हाही टिकले.

एक कबूल केलं पाहिजे. जुन्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ही दुसरी गोळी थोड्या दिवसांचीच. पण ते 'थोडे दिवस' तीन वर्षांचे झाले. दर वेळी ते फाइलवर 'चालू ठेवा' लिहायचे आणि मी मान हलवायची. त्यांनी काढायचं नाव घेतलं नाही, मी विचारलं नाही. कशाला विचारू? चालत्या गाडीतून कोण उतरतं? पर्समध्ये पट्टी आहे की नाही हे मी दिवसातून तीनदा चाचपायची. तेव्हाच कळायला हवं होतं.

मग जुने डॉक्टर म्हातारपणी मुलाकडं राहायला गेले आणि गेल्या वर्षी क्लिनिक नव्या डॉक्टरांनी घेतलं. काचेचं पार्टिशन आलं, टोकनचा आवाज देणारी मशीन आली, फी सातशे झाली. बाथरूमही त्यांनीच बांधलं, तेवढं श्रेय द्यायलाच पाहिजे. कंपाउंडर काकांना मात्र टेबलावरून उठवून आतल्या खोलीत फायली लावायला बसवलं. आधी ते दर पेशंटला नंबर देताना एकच प्रश्न विचारायचे, "झोप लागती का?" बस. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात काहीतरी खूण करायचे आणि ती चिठ्ठी डॉक्टरांकडं आत जायची. आता टेबलावर एक पोरगी असते. ती मोबाइल नंबर विचारते.

माझा नंबर आला. आत किती वेळ होते ते मला नक्की माहीत आहे, कारण वेळेचा अंदाज हा आमच्या पोटापाण्याचा भाग आहे: चार मिनिटं. डॉक्टरांनी स्क्रीनकडं बघत विचारलं, "क्लोनाझेपाम कधीपासून?"

"तीन वर्षं झाली सर."

"तीन वर्षं? ही सवय लावणारी गोळी आहे. कोणी घेतं का एवढी? बंद करा."

"एकदम?"

"डोस लहानच आहे. दुसरी चालू ठेवा. योगा करा, प्राणायाम करा. महिन्यानं या."

टिंग. पुढचं टोकन.

मी बाहेर आले ती चोरी करताना सापडल्यासारखी. खरं सांगते, मला त्यांचा राग नाही आला. माझीच लाज वाटली. वाटलं, आपण गर्दुल्ल्यासारखं काहीतरी करत होतो आणि या माणसानं ते चार मिनिटांत ओळखलं. पर्समध्ये सहा गोळ्या उरल्या होत्या. घरी येऊन त्या डब्यात वरच्या फळीवर ठेवल्या आणि ठरवलं, बघूच.

पहिला दिवस छान गेला. दुसराही. मी तर मालकांना म्हणाले, "बघा, उगंच घेत होते तीन वर्षं." हाच या गोळीचा चकवा. पुढं नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं. क्लोनाझेपाम अंगातून सावकाश जाते, तिचा निम्मा भाग उतरायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे तुम्ही बंद केली तरी दोन-तीन दिवस ती आत थोडी थोडी कामावर असतेच. नंतर रजेवर जाते. आणि तेव्हा शरीराला समजतं की बदली कामगार दिलेलाच नाही.

चौथ्या रात्री झोप नाही. नाही म्हणजे नाहीच, साडेतीनला उठून मी भांडी घासली. पाचव्या दिवशी हात थरथरायला लागले. सहाव्या दिवशी गाडीत जे झालं ते पहिल्या वेळेपेक्षा वाईट, कारण ही नुसती धडधड नव्हती. आवाज अंगावर यायला लागले. एसटीच्या खिडक्या आयुष्यभर खडखडतायत, मला त्याच्यात झोप लागते. त्या दिवशी प्रत्येक काच कानात आपटत होती. उजेड डोळ्यांत खुपत होता. मशीनवर बोरीच्या जागी जिंतूर दाबलं, एका म्हाताऱ्या बाबांना जास्तीचं तिकीट दिलं, ते ओरडले आणि मला रडूच फुटलं. युनिफॉर्ममध्ये, भर गाडीत.

आमच्या ड्रायव्हर दादांनी बोरीला गाडी बाजूला घेतली आणि पब्लिकला सांगितलं, "गाडी गरम झाली, दहा मिनिटं लागतील." स्वतः पुढं जाऊन रेडिएटरकडं गंभीर तोंड करून बघत उभे राहिले. गाडी गार होती. मी मागच्या पायरीवर बसून पाणी प्याले. या माणसाला पाचपैकी सहा तारे. (नंतर एकदा त्यांनीच मला विचारलं, "ती गोळी मलाबी द्या की एखादी, झोप येईना." मी साफ नाही म्हटलं. स्टेअरिंगवर बसणाऱ्या माणसानं असली गोळी उसनी घ्यायची म्हणजे पन्नास जिवांचा खेळ. रुसले दोन दिवस.)

त्या रात्री मी १४४१६ ला फोन लावला. टेलि-मानस म्हणतात त्याला, ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेली सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास. आमच्या डेपोत त्याचं पत्रक चिकटवलेलं आहे, मिसळीच्या जाहिरातीशेजारी, म्हणून नंबर पाठ होता. मराठीत बोलणारी बाई मिळाली. तिनं गोळीचं नाव विचारलं, किती वर्षं, किती दिवसांपूर्वी बंद केली, आधी कधी फिट आली होती का, दारू घेता का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का. शेवटचा प्रश्न तिनं सरळ विचारला आणि मला बरं वाटलं की कोणीतरी सरळ विचारलं. मी नाही म्हणाले, ते खरंच होतं. मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही कमकुवत नाही आहात. ही गोळी एकदम सुटली की असं होऊ शकतं. आता स्वतःच्या मनानं काही करू नका, कोणाच्या गोळ्या घेऊ नका, उद्या डॉक्टरांना गाठाच. आणि झटके आले, भ्रम झाला, नसलेलं काही दिसायला लागलं, तर रात्र असो दिवस असो, सरळ मोठ्या दवाखान्यात." वीस मिनिटं बोलली. सहा दिवसांत मला पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं की हे गोळीचं आहे, माझ्या स्वभावाचं नाही.

सासूबाई हे सगळं अंथरुणातून ऐकत होत्या. त्यांना टेलि-मानस, क्लोनाझेपाम काही माहीत नाही, पण जन्म म्हशीत गेलाय. सकाळी चहा देताना म्हणाल्या, "म्हैस आटवायची म्हटलं तरी एकदम धार बंद करत नसतेत. आधी एका टायमाची सोडायची, मग दिवसाआड. नाहीतर कास सुजती. अन हे तर माणूस हाय. कोणता डाक्टर हाय गं त्यो?"

मी क्लिनिकला गेले. टेबलावरच्या पोरीनं सांगितलं, तुमची तारीख एकवीस दिवसांनी आहे. मी म्हटलं, त्रास होतोय. ती म्हणाली, इमर्जन्सी असेल तर सिव्हिलला जा. मी बाकावर बसूनच राहिले. बसायची सवय नाही मला, पण उभ्यानं थरथरत होते. दीड तासानं आत सोडलं, सातशे परत भरून. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. आठ-दहा दिवसांत जाईल. तुम्ही फार लक्ष देता." यावेळी दोन मिनिटं.

बाहेर आले तर कंपाउंडर काका फायलींचा गठ्ठा घेऊन उभे. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "झोप लागती का?" मी मान हलवली. ते काही बोलले नाहीत, काय बोलणार, नोकरी त्यांचीही आहे. पण जाता जाता म्हणाले, "फाइल तुमची हाय. दुसरीकडं दाखवायची तर फाइल मागून घ्या."

मागितली. पोरगी म्हणाली, फाइल देत नसतो, क्लिनिकची प्रॉपर्टी आहे. इथं माझ्या लाइनचा उपयोग झाला. जिंतूर कोर्टात रोज जाणाऱ्या एक वकील बाई माझ्या सकाळच्या गाडीला असतात, तिसरी सीट, खिडकी. त्यांना मी 'मैत्रिणीचं' म्हणून विचारलं. त्यांना कळलंच असणार, पण त्यांनीही 'मैत्रिणीला सांगा' असंच म्हटलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, अमलात आला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम २५ प्रमाणे पेशंटला आपली उपचाराची मूलभूत कागदपत्रं बघायचा-मिळवायचा हक्क आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मी वहीच्या कागदावर अर्ज लिहिला, कलमाचा आकडा ठळक काढला. चौथ्या दिवशी सात पानांची झेरॉक्स मिळाली. काही भांडण नाही, आरडाओरड नाही. बरेचदा समोरच्यालाही कायदा माहीतच नसतो.

त्या चार दिवसांत काय केलं? सिव्हिललाच गेले. तिथं ओपीडीला जे डॉक्टर होते त्यांनी ऐकून घेतलं, बीपी-नाडी बघितली, आणि नांदेडला जाईपर्यंत पुरेल एवढी तीच गोळी चिठ्ठीवर लिहून दिली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीवर शिक्का मारला, तारीख टाकली, मोजून दिल्या. या घराण्यातल्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या बहिणींना तर मार्च २०१४ पासून वेगळं रजिस्टर लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, सगळं, आणि ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. मला आधी हे जाचक वाटायचं. आता दादांचं 'एखादी द्या की' आठवलं की पटतं.

आणि नांदेडला का, तर आपल्याकडं आहे काय दुसरं? राज्याची चार जुनी मोठी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. त्यातलं मराठवाड्याच्या नकाशात एकही नाही. परभणीच्या माणसानं एक तर नांदेडची डॉक्टर लेन धरायची नाहीतर संभाजीनगर. मी सकाळच्या रेल्वेनं गेले. एसटीची माणूस रेल्वेनं जाते म्हणून मालक हसले, पण मला त्या दिवशी खिडक्यांचा आवाज नको होता.

नांदेडच्या डॉक्टर बाईंनी पाऊण तास घेतला. सात पानं एकेक करून वाचली. थायरॉइड तपासलंय का विचारलं, पाळीचं विचारलं, घोरता का विचारलं, दिवसाला चहा किती विचारलं. मी सांगितलं, आठ-नऊ. जिंतूरच्या कँटीनला फुकट मिळतो. त्या म्हणाल्या, "अहो, मग धडधड काय फक्त मनातून येतेय का?"

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. त्या म्हणाल्या, तुमच्या परभणीच्या डॉक्टरांचं म्हणणं चूक नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची नाहीच. शरीर तिला सरावतं, वय वाढेल तसा तोल जायचा, विसरायला व्हायचं त्रास वाढतात. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२० मध्ये या सगळ्या जातीच्या गोळ्यांवर सवय आणि एकदम बंद केल्यावरचा त्रास याबद्दलचा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. पण त्याच इशाऱ्यात हेही आहे की अचानक बंद करू नका, जिवावर बेतू शकतं, झटके येऊ शकतात. आणि तिथल्याच डॉक्टरांच्या संघटनांनी २०२५ मध्ये सांगितलंय की दर दोन ते चार आठवड्यांना पाच ते दहा टक्के एवढंच कमी करून बघा, पेशंटला विचारून, जमलं तर पुढं, नाही जमलं तर तिथंच थांबा. "सरांनी स्टॉप बरोबर सांगितला," त्या हसून म्हणाल्या, "पण चालत्या गाडीतून उतरवलं."

मी त्यांना म्हशीचं सांगितलं. त्यांनी ते लिहूनच घेतलं.

कागदावर त्यांनी पायऱ्या काढून दिल्या. माझं वेळापत्रक इथं देणार नाही, कारण माझं वजन, माझा डोस, माझी वर्षं माझी आहेत. तुमच्यापैकी कोणीतरी ते बघून घरीच सुरी घेऊन गोळी कापायला बसेल. कापते मीही, पण बाईंनी सांगितल्यावर आणि मेडिकलमधून चाळीस रुपयांचं कटर आणून. एवढंच सांगते की आठ महिने झाले, पाऊण वाट झालीये, आणि मध्ये एकदा, पोरीच्या बारावीच्या परीक्षेत, आम्ही एका पायरीवर दोन महिने बसून राहिलो. बाई म्हणाल्या, बसा. घाई कोणाला आहे?

सोबत त्यांच्याच क्लिनिकमधल्या समुपदेशक ताईंकडं आठ बैठका झाल्या, विचार आणि वागण्यावरच्या. त्यांनी आधी सांगितलं की ज्या जागेची भीती वाटते तिथं थोडं थोडं जायचं असतं. मी म्हटलं, ताई, मी तिथं दिवसातून चार फेऱ्या मारते. त्यांना हसू आवरेना. मग आम्ही माझ्यापुरतं काढलं. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. धडधड सुरू झाली की पुढच्या टप्प्यापर्यंत काही करायचं नाही. उतरायचं नाही, पर्स चाचपायची नाही, नाडी बघायची नाही. श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, आणि तिकिटं चालू. लाट येते, चढते, आणि बहुतेक वेळा टप्पा संपायच्या आत उतरते. न उतरली तर अजून एक टप्पा. जिंतूरपर्यंत कधीच टिकली नाही अजून. चहा तीन कपांवर आणला, पहिले चार दिवस त्यानंही डोकं दुखलं. म्हणजे चहासुद्धा एकदम सोडायचा नसतो.

डेपोत मी खरं सांगितलं नाही. सकाळची पहिली गाडी बदलून हवी होती, तर वाहतूक नियंत्रकांना 'बीपीचा त्रास' म्हटलं. बीपीला मान आहे. कधीतरी खरं सांगेन, अजून नाही.

तर या क्लिनिकला जावं का? जुने पेशंट असाल आणि गोळ्या आहेत त्याच चालू राहणार असतील तर जा, स्वच्छ आहे, टोकन वेळेवर लागतं. पण काही बंद होणार असेल तर खुर्चीतून उठू नका. टिंग वाजली तरी उठू नका. एकदम बंद करायची का हळूहळू, किती दिवसांत, त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करू, एवढं विचारा आणि कागदावर लिहून मागा. मी हे विचारलं असतं तर कदाचित डॉक्टरांनीही सांगितलं असतं, त्यांना वाईट माणूस म्हणायला माझी जीभ उचलत नाही. त्यांना दुसऱ्या माणसाच्या गोळीची जबाबदारी घ्यायची नव्हती, मला असं वाटतं. रिव्ह्यूचा मजकूर मी त्यांच्या क्लिनिकला छापील पत्रानंही पाठवलाय, नाव घालून. उत्तर आलेलं नाही.

गेल्या मंगळवारी दुपारच्या गाडीला बोरीसाठी कंपाउंडर काका चढले. हातात पिशवी, पांढरी टोपी. मला युनिफॉर्ममध्ये त्यांनी कधी बघितलं नव्हतं, क्षणभर ओळखलं नाही. मी जवळ गेले, मशीन धरलं. त्यांनी आधार कार्ड पुढं केलं, सहासष्ट वर्षं, म्हणजे अर्धं तिकीट. गाडीत गर्दी होती, दोन्हीकडून बाया खेटलेल्या. त्यांनी तिकीट घेतलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि मान जराशी वर करून, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं,

"झोप लागती का?"

"सहा तास," मी म्हणाले, आणि पुढच्या सीटला गेले.